भूगर्भांतील पाण्याचा हिशेब

घरांत कणगी किती भरली आहे हें शेतकरी हात घालून पाहतो. पाडव्यापर्यंत कडबा पुरेल कीं नाहीं तें पेंढ्या मोजून ठरवितो. सोसायटीचें देणें किती राहिलें तें तर त्यास तोंडपाठच असतें. परंतु ज्या एका वस्तूवर ही कणगी, हा कडबा व देणें फेडण्याची त्याची ऐपत हीं सर्व अवलंबून आहेत, त्या विहिरीच्या पाण्याची मोजदाद आमच्या टापूंत क्वचितच कोणी ठेवतो. विहीर आटली म्हणजे ती खोल करावयाची. तीही आटली म्हणजे तिच्या पोटांत आडवें बोअर मारावयाचें. त्यानेंही भागलें नाहीं म्हणजे पाणाड्या बोलावून बांधावर उभें बोअर घ्यावयाचें, हाच क्रम घरोघर चालू आहे. या क्रमाचा शेवट कोठें आहे याचा विचार रब्बीची पेरणी सुरू होण्यापूर्वीं व्हावा, एवढ्यासाठीं आजचा हा लेख आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. भूगर्भांतील पाणी ही गांवची सामाईक ठेव असून ती दर पावसाळ्यांत किती जमा होते हें मोजतां येतें. मोजून पिकें ठरविलीं तर ती पुरते. न मोजतां उपसली तर कितीही खोल गेलें तरी पुरत नाहीं. हें मोजण्याचें काम सरकारी खात्याचें आहे असें समजून स्वस्थ बसणें शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. तें ज्याचें त्या गांवानेंच केलें पाहिजे.

प्रथम आपल्या पायाखालच्या भूमीचें स्वरूप पाहूं. पुणें, सातारा व सांगली जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके, आणि अहिल्यानगर, सोलापूर, बीड व धाराशिव हे जिल्हे, यांचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. घाटमाथ्यावर जो पाऊस हजारों मिलिमीटरांनीं मोजला जातो, तो या बाजूस ठिकठिकाणीं पांचशें-सहाशें मिलिमीटरांवर येऊन ठेपतो, आणि तोही भरंवशाचा नसतो. खालीं आहे तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसून बनलेला काळा पाषाण. महाराष्ट्राच्या भूमीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाचा आहे. गंगा-यमुनेच्या कांठच्या गाळाच्या जमिनींत वाळूच्या कणाकणांमध्यें पाणी भरून राहतें, तशी सोय येथें नाहीं. येथें पाणी राहतें तें वरच्या मुरमांत, विहिरी खणणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकांत, आणि कठीण पाषाणाच्या भेगांत. शंभर घनफूट मुरमाड खडक पाण्यानें तुडुंब भरला असतां त्यांतून उपशास मिळणारें पाणी अवघें एक ते तीन घनफूट असतें असें भूजलशास्त्रज्ञ धरतात. वाळूच्या गाळांत हेंच प्रमाण पंधरा-सोळा घनफुटांपर्यंत जातें. तेव्हां आमच्या भूमीची कणगी मुळांतच लहान आहे. ती एका चांगल्या पावसाळ्यांत भरते आणि एका उन्हाळ्यांत रिकामी होऊं शकते.

पूर्वीं या लहान कणगीस एक कुलूप होतें. तें म्हणजे मोट. बैलांच्या अंगांत जेवढें बळ तेवढेंच पाणी वर येई. आणि पाणी फार खालीं गेलें म्हणजे नाडा लांबवून बैल थकविण्यापेक्षां शेतकरी भिजवणच कमी करी. पुढें तेलाचें इंजिन आलें, त्यामागून विजेचा पंप आला. १९७२ च्या दुष्काळांत व त्यानंतर पिण्याच्या पाण्यासाठीं खडक विंधणारीं यंत्रें गांवोगांव फिरलीं, आणि ज्या यंत्रांनीं माणसें जगविलीं तींच पुढें बागाइताच्या कामीं लागलीं. राज्यांत कृषिपंपांची संख्या आज चाळीस लाखांहून अधिक आहे. या साधनांनीं आमच्या टापूंतील शेतकऱ्याच्या घरीं दोन पैसे आणले, शाळूच्या रानांत ऊंस, द्राक्षें, डाळिंबें व कांदा आणला, हें कोणीही नाकबूल करणार नाहीं. परंतु मोटेबरोबर तिचें कुलूपही गेलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कुलूप बसविण्याचें कोणास सुचलें नाहीं.

खोल बोअर म्हणजे नवें पाणी, हा समज या सर्वांत अधिक घातक आहे. काळ्या पाषाणांत जसजसें खालीं जावें तसतशा भेगा सामान्यतः विरळ व अरुंद होत जातात. पांचशें-सातशें फुटांवर एखादे वेळीं भरपूर पाणी लागतें. पण तें पुष्कळदां फार वर्षांपूर्वीं मुरलेलें असतें, आणि एकदां उपसून संपलें म्हणजे एका पावसाळ्यांत भरून येत नाहीं. दुसरा प्रकार याहून नेहमींचा. खोल बोअर वाटेंत वरच्या थरांस छेदून जातें, आणि जें पाणी शेजाऱ्यांच्या विहिरींस मिळावयाचें तें त्या भोकांतून खालीं उतरतें. म्हणजे गांवच्या पाण्यांत भर पडली नाहीं, केवळ त्याची वांटणी बदलली. आणि ती ज्याच्यापाशीं खोल जाण्याचें भांडवल आहे त्याच्या बाजूनें बदलली. लहान शेतकऱ्याची तीस-चाळीस फुटांची विहीर आधीं कोरडी पडते, मग मध्यम शेतकऱ्याचें बोअर, आणि शेवटीं ज्यानें सर्वांत खोल विंधलें त्याचेंही. कर्ज मात्र तिघांच्याही डोक्यावर राहतें.

सरकारनें या पाण्याचा हिशेब ठेवलाच नाहीं असें नाहीं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही संस्था राज्यभर निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां, म्हणजे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत, मोजते. राज्याचीं सुमारें दीड हजार पाणलोट क्षेत्रें पाडलेलीं असून, प्रत्येकांत किती पाणी मुरलें व किती उपसलें गेलें याचें मूल्यांकन केंद्रीय भूजल मंडळाच्या सहकार्यानें प्रसिद्ध होतें. उपशायोग्य पाण्यापैकीं शेंकडा ७० पर्यंत उपसा असेल तर तो भाग सुरक्षित, ७० ते ९० पर्यंत अंशतः शोषित, ९० ते १०० पर्यंत शोषित, आणि शंभराच्या वर अतिशोषित, अशी त्यांत वर्गवारी असते.

ही पद्धति शास्त्रशुद्ध आहे व तिची आम्हांस कदर आहे. परंतु तिच्या आंकड्यांवरून आपल्या विहिरीविषयीं निश्चिंत होणें धोक्याचें आहे. अलीकडच्या मूल्यांकनांत पंजाबाचा उपसा उपशायोग्य पाण्याच्या दीडपटीहून अधिक, तर महाराष्ट्राचा निम्म्याहून थोडाच अधिक दिसतो. हें वाचून कोणासही वाटेल कीं, आपल्याकडे अद्याप पुष्कळ शिल्लक आहे. पण या सरासरींत कोंकणचा व पूर्व विदर्भाचा पाऊस मिळविलेला असतो, आणि कोंकणांत मुरलेलें पाणी करमाळ्याच्या किंवा आष्टीच्या विहिरींत येत नाहीं. त्याच राज्यांत केळीचे रावेर व यावल, संत्र्याचे वरूड व मोर्शी हे तालुके अतिशोषितांच्या यादींत वारंवार आलेले आहेत. तालुक्याची सरासरीही गांवास लागू पडेलच असें नाहीं. आमच्या खडकांतील पाण्याचे सांठे लहान व तुटक आहेत. ओढ्याच्या या कांठीं विहीर डिसेंबरांत खडखडीत, तर त्या कांठीं वैशाखांतही पंप चालेल इतकें पाणी, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. सबंध तालुक्यांत थोड्याशा निरीक्षण विहिरी. त्यांवरून खात्यानें तालुक्याचें अनुमान बांधावें हें ठीक, पण त्यावरून आपण आपल्या शिवाराचें अनुमान बांधूं नये.

शिवाराचा हिशेब मुळींच कठीण नाहीं. एक उदाहरण घेऊं. एक हजार हेक्टरांचें गांव व पांचशें मिलिमीटर पाऊस धरला, तर गांवावर पडणारें एकूण पाणी ५०० कोटी लिटर होतें. मुरमाड काळ्या पाषाणांत त्यापैकीं शेंकडा सहा ते आठ खालीं मुरतें असें मूल्यांकनाच्या नियमांत धरतात. आपण आठच धरूं. म्हणजे जमा ४० कोटी लिटर. यांतून शेंकडा दहा ओढ्या-नाल्यांस पाझरून जातील असें धरलें तर ते ४ कोटी. दोन हजार माणसांस दररोज माणशीं ५५ लिटर व एक हजार जनावरांस ५० लिटर याप्रमाणें वर्षास सुमारें ६ कोटी. शेतीसाठीं उरले ३० कोटी लिटर. आतां खर्चाची बाजू पाहूं. मोकळें पाणी देऊन वाढविलेल्या उंसास हेक्टरीं सुमारें २ कोटी लिटर लागतात. तेव्हां त्या ३० कोटींत १५ हेक्टर ऊंस होईल आणि गांवच्या बाकीच्या रानास थेंबही उरणार नाहीं. गव्हास हेक्टरीं ४० लाख लिटर धरले तर ७५ हेक्टर गहूं भिजेल. शाळूस वा हरभऱ्यास दोन-तीन पाळ्यांचे २० लाख लिटर धरले तर १५० हेक्टर रान भिजेल. रानांत दिलेल्या पाण्यापैकीं कांहीं पुन्हां खालीं मुरतें, पाझर तलाव व नालाबांध यांनीं जमेंत भर पडते, आणि खडकाप्रमाणें मुरण्याचें प्रमाण कमीजास्त होतें, हें खरें. परंतु त्यानें आंकडे थोडे सरकतील, हिशेबाचें तात्पर्य बदलणार नाहीं. पंधरा हेक्टर कीं दीडशें हेक्टर, दहा घरें कीं शंभर घरें, हाच खरा प्रश्न आहे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेंही पाहतां येते. एक हेक्टर जमिनीखालीं पाण्याची पातळी एक मीटर उतरली म्हणजे, खडकाचें प्रमाण शेंकडा दोन धरल्यास, दोन लाख लिटर पाणी खर्च झालें. उंसास एका पाळीस हेक्टरीं सुमारें आठ लाख लिटर द्यावे लागतात. अर्थात् एक हेक्टर उंसाची एक पाळी म्हणजे चार हेक्टरांखालचें मीटरभर पाणी. ज्याची स्वतःची जमीन एकच हेक्टर आहे, त्याच्या उंसास उरलेल्या तीन हेक्टरांचें पाणी कोणाच्या शेताखालून येतें, हें सांगावयास नको. असा खर्च जेथें वर्षानुवर्षें चालतो तेथें अवर्षण आलें म्हणजे काय होतें, तें एप्रिल २०१६ मध्यें लातुरास दिसलें. ज्या जिल्ह्यांत उंसाचे फड व साखर कारखाने उभे होते, त्याच जिल्ह्याच्या शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें.

यावर कांहीं जण म्हणतील कीं, आम्ही ठिबक बसविलें आहे, शेततळीं केलीं आहेत, बांधबंदिस्ती केली आहे. मग चिंता कसली? हे उपाय चांगले आहेत, पण ते हिशेबाची जागा घेऊं शकत नाहींत. ठिबकानें एका एकराचें पाणी वांचतें. परंतु वांचलेल्या पाण्यावर लगेच दुसरा एकर बागेखालीं आणला, तर विहिरीस त्याचा लाभ कोणता? शेततळें मूळचें ओढ्यानें वाहून जाणारें पाणी धरण्यासाठीं. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं त्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरून विहिरीचें व बोअरचें पाणी उपसून भरतात. जें पाणी जमिनीच्या पोटांत सांवलींत होतें तें उन्हांत आणून मांडावयाचें, आणि उन्हाळ्यांत रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊन जाऊं द्यावयाचें, याला सांठवण म्हणण्यापेक्षां सामाईक ठेवींतून आपला वांटा आधींच काढून घेणें म्हणावें हें अधिक योग्य. राहिली बांधबंदिस्ती. ताली व बांध घालून पावसाचें पाणी शिवारांत जिरवावें, असें जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सांगितलें होतें, व तें आजही खरें आहे. परंतु जिरविलेलें पाणी मोजून न वापरल्यास पहिल्या चांगल्या पावसानंतर नव्या बागा उभ्या राहतात, आणि पुढच्या अवर्षणांत पूर्वींपेक्षां मोठें नुकसान होतें.

दुसरा आक्षेप हक्काचा आहे. जमीन माझी, तेव्हां तिच्या खालचें पाणीही माझें, असें खातेदार म्हणतो. आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांत त्यास कांहीं आधारही आहे. परंतु तो कायदा झाला तेव्हां मोटेचा काळ होता. एका शेतांतील मोटेनें दुसऱ्याची विहीर सहसा आटत नसे. पुढें १९९३ सालीं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यास महाराष्ट्रांत बंदी झाली; आणि २०१४ पासून अमलांत आलेल्या भूजल अधिनियमांत ६० मीटर वा त्याहून खोल विहिरी शेतीसाठीं घेण्यास प्रतिबंध करण्याची तरतूद आहे. त्या प्रतिबंधाचा अंमल गांवोगांव किती होतो, हें बांधावर उभ्या असलेल्या बोअरच्या गाड्यांवरून वाचकांनींच ठरवावें. इकडे २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचें वीजबिल माफ केलें. अडचणींतील शेतकऱ्यास ही सवलत हवी होती. पण पंप चालू ठेवण्यास खर्च नाहीं म्हणजे तो बंद करण्यास कारणही उरत नाहीं. कायदा दूर व सवलत जवळ, अशा स्थितींत गांवानें स्वतः घातलेलें बंधन हेंच काय तें उपयोगी पडेल.

असें बंधन पाळतां येतें याचीं उदाहरणें आमच्याच प्रदेशांत आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं पाणीपंचायतीचा प्रयोग केला. तेथें पाण्याचा वांटा जमिनीच्या मापावर न देतां कुटुंबांतील माणसांच्या संख्येवर दिला, आणि त्या पाण्यावर ऊंस घ्यावयाचा नाहीं असा नियम ठेवला. अहिल्यानगराजवळच्या हिवरे बाजारानें १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें पाणलोटाचीं कामें केलीं हें सर्वांस माहीत आहे. पण त्याहून महत्त्वाचें असें कीं, त्या गांवानें शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊंस-केळीसारख्या पिकांस मनाई केली, व दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडण्याचा परिपाठ ठेवला. कामें पुष्कळ गांवांत झालीं. ताळेबंद थोड्या गांवांनीं पाळला. आणि फरक पडला तो येथेंच. २००३ नंतरच्या कांहीं वर्षांत अविभक्त आंध्र प्रदेशाच्या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत साध्या शेतकऱ्यांनीं आपल्या विहिरींची पातळी व पाऊस स्वतः मोजून, रब्बीच्या आरंभीं एकत्र बसून पिकें ठरविण्याचा प्रघात पाडला. तेथें कोणावर सक्ति नव्हती. परंतु आंकडे डोळ्यांपुढें आल्यावर पुष्कळांनीं भात सोडून कमी पाण्याचीं पिकें घेतलीं. आमच्या राज्यांतही २०२० नंतर अटल भूजल योजनेखालीं तेरा जिल्ह्यांतील निवडक गांवांचे असे ताळेबंद झाले. ज्या गांवांची निवड झाली नाहीं त्यांनीं निवडीची वाट पाहण्याचें कारण नाहीं; दोरी, वजन व वही यांपलीकडे या कामास फारसें कांहीं लागत नाहीं.

म्हणून आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत.

(१) प्रत्येक गांवानें ओढ्याकांठच्या, मधल्या रानांतील व माळावरच्या मिळून निदान वीस विहिरी निवडाव्या, कांठावर पक्की खूण करावी, आणि कोजागिरीच्या व अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, रात्रभर पंप बंद ठेवून, सकाळीं पाण्याची पातळी मोजून वहींत लिहावी. शाळेंत किंवा सोसायटीच्या कचेरींत पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस त्याच वहींत नोंदवावा.

(२) कोजागिरीनंतर आठ दिवसांचे आंत हा जमाखर्च ग्रामसभेपुढें वाचावा. माणसांचें व जनावरांचें पाणी आधीं बाजूस काढावें, आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीचीं पिकें ठरवावीं.

(३) ऊंस व फळबागा यांचें क्षेत्र चांगल्या वर्षाच्या पाण्यावर न ठरवितां वाईट वर्षाच्या पाण्यावर ठरवावें. शाळूचें पीक एक वर्ष सोडतां येतें. डाळिंबाची बाग एक वर्ष सोडतां येत नाहीं.

(४) नवीन बोअर साठ मीटरांच्या खालीं नेऊं नये, आणि शेततळें केवळ पावसाळ्यांतील वाहत्या पाण्यानें भरावें.

(५) विहीर वा पंप यांसाठीं कर्ज मागणाऱ्याचा अर्ज पाहतांना सोसायट्यांनीं गांवची ही वहीही पाहावी. ज्या शिवाराची पातळी वर्षामागून वर्ष उतरत आहे, तेथें नव्या बोअरसाठीं दिलेलें कर्ज सभासदास तारीत नाहीं आणि सोसायटीसही तारीत नाहीं.

या सूचनांपैकीं तिसरी व चौथी कटु लागतील हें आम्ही जाणतों, कारण त्यांचा भार आमच्या वाचकांवरच अधिक पडणार आहे. आमचे सभासद बहुतेक विहीरबागाईत करणारे खातेदार आहेत. गांवांत खोल बोअरें कोणाचीं असतील तर तीं त्यांचीं व त्यांच्या भाऊबंदांचीं. परंतु म्हणूनच आरंभ त्यांनीं करावयाचा आहे. दोन एकरवाल्यानें विहीर मोजून उपयोग थोडा, कारण त्याच्या विहिरींतील पाणी कोणाच्या पंपानें उतरतें हें त्यास आधींच ठाऊक असतें. ज्याच्या शब्दास गांवांत वजन आहे त्यानें आपली विहीर सर्वांसमक्ष मोजूं दिली, व आपला एक एकर ऊंस कमी करून दाखविला, म्हणजे बाकीच्यांस सांगावें लागत नाहीं. त्यागाचा हा उपदेश नव्हे. हा हिशेब आहे. आज शेजाऱ्याची विहीर आटल्यावर आपलें बोअर जितकें दिवस चालेल, तितकीच त्या बोअरची आघाडी. त्यानंतर दोघांच्याही रानांत तोच फुफाटा.

हस्ताचा पाऊस होऊन गेल्यावर विहिरी भरलेल्या दिसतात, आणि भरलेल्या विहिरीकडे पाहून कोणास मोजमापाची आठवण होत नाहीं. पण मोजण्याची वेळ तीच. येत्या कोजागिरीस ज्या गांवीं ही वही उघडली जाईल, त्या गांवच्या सभासदांनीं आपले आंकडे आमच्याकडे अवश्य पाठवावे. ते या मासिकांत क्रमानें प्रसिद्ध करण्याची व्यवस्था करूं. आपल्या ठेवीचा आंकडा प्रथम आपणांस ठाऊक असावा, मग ती किती काढावयाची तें ठरवावें, एवढीच आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.